वाहतूकवाले सर

आमचे सर चेतापेशी काढायला लागले की फळा पुरायचा नाही. पेशीचं गोल शरीर डाव्या कोपऱ्यात, तिथून निघालेला तंतू फळाभर, मग भिंतीवर, मग दारातून थेट व्हरांड्यात. शेवटी जिन्यापाशी उकिडवे बसून तंतूचं टोक काढायचे आणि तिथूनच ओरडायचे, "हा आला पायाचा अंगठा!" नव्वदच्या दशकात नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे वाहतूकवाले सर म्हणत. भिंत पुसताना शिपाई काय म्हणायचा, ते इथे लिहिता येणार नाही.

त्यांचं पालुपद एकच. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका बहुतेक पेशीच्या शरीरात तयार होतात आणि लागतात मात्र पार टोकाला, जिथे एक पेशी दुसरीला निरोप देते. "नेऊन टाकलं की संपलं, असं नसतं. थकलेल्या परत आणायच्या, नव्या पाठवायच्या. जन्मभर. सुट्टी नाही!"

घोटीकडच्या एकाने विचारलं, "सर, येवढं लांब हाय, तर तिकडंच का नाय बनवत?"

सर जाम खूश. "कारण आराखडा इकडे, केंद्रकात आहे, बाबा! म्हणून तर लांबचं टोक आधी उपाशी पडतं."

खोटं त्यांना खपायचं नाही. 'समजलं' म्हटलं की लगेच, "काय समजलं?" मी कितीदा तोंडघशी पडलो.

पुढे मीही शिकवायला लागलो. तास, पेपरांचे गठ्ठे, पुन्हा तास. जीव नकोसा व्हायचा, आणि सरांकडे जायचं राहूनच जायचं. गेलो तेव्हा निवृत्त सर खुर्चीत बसून होते. नसांचा आजार, पायाच्या बोटांपासून वर चढत आलेला. "टोकापासून. अगदी शिकवला तसा," ते म्हणाले. फार दमलेले दिसत होते.

काकू कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या आणि त्यांचे तळवे चोळू लागल्या. "रोज चोळते. फरक आहे ना हो?"

"आहे तर. ऊब लागते," सर म्हणाले.

काकू चहा टाकायला आत गेल्या. सर हळूच म्हणाले, "गुडघ्याखाली काही कळत नाही रे मला."

"मग सांगा ना त्यांना. त्यांचेही हात दुखत असतील."

"सांगितलं तर ती येऊन बसायची थांबेल."

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. काकू भेटल्या की सांगतात, "शेवटपर्यंत माझ्या हाताची ऊब कळत होती त्यांना."

मी हो म्हणतो.