कागदाच्या कॉम्प्युटरपुढची माणसं

आमच्या धंद्यात किस्से कसे साठतात ते सांगतो. चार अनोळखी माणसं एका टेबलाभोवती बसवायची, हातात स्केचपेनं द्यायची आणि म्हणायचं, "तुम्हाला हवा तसा कॉम्प्युटरचा स्क्रीन काढा." संध्याकाळपर्यंत स्क्रीन होवो न होवो, किस्सा हमखास होतो! नव्वदचं दशक संपत आलं होतं, ऑफिस बेलापूरला. 'युजर एक्सपीरियन्स', म्हणजे वापरणाऱ्याला कॉम्प्युटर सोपा कसा जाईल ते बघणं, हा शब्द तिथे एकट्या कामत मॅडमना ठाऊक. त्या माझ्या बॉस. वर्कशॉप त्या घ्यायच्या, मी असिस्टंट. हसण्यासारखे किस्से मी सगळीकडे सांगतो. हे जरा वेगळे.

* * *

पावणे गावातल्या एका केमिकल फॅक्टरीत गेलो होतो. खरा प्रोग्राम बनवण्याआधी चाचणीसाठी आमचा कॉम्प्युटर कागदाचा. ऑपरेटरने कागदावरच्या बटणावर बोट ठेवायचं आणि कॉम्प्युटर झालेल्या माणसाने पुढचा कागद सरकवायचा. त्या दिवशी कॉम्प्युटर मी होतो.

म्हात्रे नावाच्या ऑपरेटरने 'टाकी'वर बोट ठेवलं. माझ्यापाशी दोन कागद होते, 'सर्व ठीक' आणि 'गळती'. मी गळतीचा सरकवला. म्हात्रे ताडकन उठला आणि बाहेर पळाला.

"अहो, खोटं आहे ते!" आम्ही हसत ओरडलो.

तो परत आला तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. "व्हॉल्व्ह खरंच लीक होता. बंद करून आलो." मग माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत म्हणाला, "आता दुसऱ्या टाकीचं विचारा ना त्याला."

माझा हात कुठल्याच कागदाकडे जाईना!

* * *

वाशीचं एक ट्रान्सपोर्ट ऑफिस. मॅडमनी सांगितलं, "कामात काय अडतं ते प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहा. नाव नको." माणसं सहा. भिंतीवर चिकटवल्या तर चिठ्ठ्या सात! सहांवर 'प्रिंट उशिरा येतो', 'टायपिंग जमत नाही' असलंच काहीबाही. सातवीवर, 'मला कोणी विचारतच नाही.'

मॅडम खूष. "ही खरी चिठ्ठी! कोणाची? लाजू नका."

कोणी हात वर करेना. शेवटी तिथला मॅनेजर हळूच म्हणाला, "मॅडम, अक्षर आमच्या सावंतांचं आहे. पण ते गेले हो, गेल्या गणपतीत."

मॅडम जरा खाकरल्या, कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सॉरी, सावंत. बोला, तुम्हाला काय अडचण येते?"

* * *

एकदा मॅडम स्वतःच कॉम्प्युटर झाल्या. त्यांचा नियम कडक, कॉम्प्युटरने बोलायचं नाही, हसायचं नाही. नेरूळच्या एका पतपेढीतले कुलकर्णी कंटाळले आणि त्यांनी 'बंद करा' या चौकोनावर बोट टेकवलं. मॅडमनी डोळे मिटले. काय अ‍ॅक्टिंग! आम्ही टाळ्या वाजवल्या.

चहा आला तरी डोळे मिटलेलेच. मी खांदा हलवला. हात बर्फासारखा गार. तोंडावर पाणी मारलं, तरी काही नाही. कोणीतरी डॉक्टरला फोन करायला धावलं. कुलकर्णी घाबरून पांढरेफटक पडले होते. काय सुचलं कोण जाणे, त्यांनी बोट 'चालू करा'वर ठेवलं.

मॅडमनी डोळे उघडले. म्हणाल्या, "सेव्ह केलं होतंत का?"

पुन्हा कधी कॉम्प्युटर व्हायला त्या तयार झाल्या नाहीत.

* * *

आणि हा. जासईच्या एका कंटेनर यार्डासाठी गेटवरचा स्क्रीन करायचा होता. यार्डाची माणसं आमच्याच ऑफिसात आली होती. मॅडमची पद्धत अशी की आधी एक काल्पनिक युजर बनवायचा आणि प्रत्येकाने त्याच्यात एकेक गोष्ट घालायची. मंडळी रंगात आली. एक म्हणाला, "नाव रमाकांत." दुसरा म्हणाला, "उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. म्हणजे बटणं मोठी लागतील!" मी म्हटलं, "जेवतो उभ्यानेच." मॅडम म्हणाल्या, "घरी भांडून निघालाय. यार्डामागे खोली घेऊन राहतो."

आमचं जेवण जनाबाई आणायची, करावे नावाच्या गावातून. ती दारात उभी होती. तिने डबे खाली ठेवले.

"रमाकांत नाय. हरेश नाव हाय त्याचं."

"मावशी, हा खरा माणूस नाही. आत्ताच बनवला आम्ही."

"माजा पोर हाय तो. होडीच्या इंजिनात बोटं गेली. बापाशी भांडून गेला, तो आलाच नाय." तिने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "कुटं राहतो म्हनालात?"

यार्डवाले शपथ घेऊन सांगत होते, असा कोणी आमच्याकडे नाही. मॅडमनी परोपरीने समजावलं. ऐकते कसली! डबे तसेच टाकून ती जासईला गेली.

पुढे काही दिवस जेवण आलं नाही. मॅडम सारख्या म्हणायच्या, "बिचारीला उगाच आशा लावली रे आपण."

मग एका दुपारी फोन वाजला. मी उचलला. पुरुषाचा आवाज.

"सायेब, मी हरेश. जासईवरनं, यार्डाच्या मागून बोलतोय. आई इतं बाजूलाच हाय. ती सांगते, तुमी मला बनवलात."

मागे जनाबाई हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"एक इचारायचं होतं," तो म्हणाला. "माजं पुढं काय ठरवलंय?"