पाण्याला ऐकू गेलं पाहिजे

“बघ बघ, आता वळायचा दिवा लावतंय म्हातारं,” काठावर जाळं झाडणारा एक जण दुसऱ्याला म्हणाला. पाण्यावरून आवाज फार स्पष्ट येतो. आमची गाडी तेव्हा तलावात बरीच आत होती आणि अप्पांनी खरंच डावीकडचा दिवा लावला होता. टिक, टिक, टिक. चहूकडे नुसतं पाणी. अप्पांनी आरशात पाहिलं, वेग कमी केला आणि गाडी वळवली.

“हितं मारुतीचं देऊळ हाय,” ते मला म्हणाले. “पलीकडून बैलगाडी आली तर दिसत न्हाई.”

अप्पा लातुरात आमच्या शेजारी राहत. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान पुतण्याकडे सोपवून ते या एका गाडीच्या मागे लागले होते. साठेक वर्षांपूर्वीची, परदेशी बनावटीची, फिकट निळी. रस्त्यावर मोटार, पाण्यात नाव. हैदराबादच्या एका जुन्या घराच्या अंगणात कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या, तिथून त्यांनी ती आणली. तिचे भाग कुठेच मिळत नसत. दारांना त्यांनी फ्रीजच्या दाराचं रबर लावलं होतं. पाण्यात गाडी ढकलणाऱ्या मागच्या पंख्याची दांडी लेथवर तीनदा करून घेतली होती. पाण्यातून आल्यावर दर वेळी तेरा ठिकाणी ग्रीस भरावं लागे, आणि त्यातलं एक ठिकाण मागच्या सीटखाली असं अडचणीत होतं की तिथे फक्त माझा हात जायचा. मी त्यांच्याकडे जाऊ लागले ती अशी.

“हात बारीक, तोंड बंद,” ते म्हणत. “मिस्त्रीला आनखी काय लागतंय?”

मला ते आवडायचं. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलले की लोक आधी हसतात आणि मग उत्तर देतात. अप्पा हसत नसत, कारण मी त्यांच्याशी फारसं बोलतच नव्हते.

एकदा बाबांनी त्यांना विचारलं, “अप्पा, एवढा खटाटोप कशाला? एखादी होडी घ्या की.”

“होडी पाण्यावरनं जाती, सर. मला रस्त्यानं जायचंय.”

रस्ता त्यांच्या गावाचा होता. रेणापूरच्या पुढचं ते गाव चाळीस वर्षांपूर्वी तलावाखाली गेलं. लोकांनी दारं-चौकटीसुद्धा काढून नेल्या. अप्पांची बायको, गिरिजाबाई, त्याच्या दोन वर्षं आधी वारली होती. हे त्यांनी मला ग्रीस भरताना सांगितलं, गाडीच्या एखाद्या भागाबद्दल सांगावं तसं. “आमच्यात जाळत न्हाईत. मांडी घालून बसवत्यात, आन मग माती. सगळं गाव उठलं. ती बसलीच हाय.” मग म्हणाले, “गावात मोटार येत नव्हती तवा. दवाखान्यात न्यायला उशीर झाला.”

तलावात एका ठिकाणी ते इंजिन बंद करत, दोनदा हॉर्न वाजवत आणि वाट बघत. दारात मोटार उभी करून कुणी आतल्या माणसाची वाट बघावी, तेवढाच वेळ. मग परत फिरत. घरी आल्यावर ग्रीससाठी मी मागची सीट उचलायला जायची, तेव्हा ती डाव्या बाजूला ओली असायची. फक्त डाव्या. दाराचं रबर मी बोटाने चाचपून बघितलं, कोरडं होतं. सीट पुसायला फडकं घेतलं तर अप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. वाळंल आपआपलं.”

गाडीच्या बुडाला पितळेचं एक बूच होतं. घरी ते काढून ठेवायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. तलावात उतरण्याआधी लावायचं. ते विसरलं तर गाडी पाण्यात पाचशे फूटही टिकणार नाही. म्हणून काठावर अप्पा मोठ्याने विचारत, “बूच?” आणि शेजारी बसलेल्याने मोठ्याने म्हणायचं, “लावलं.” मी मान हलवायची. अप्पांना ते चालत नसे. “मान हलवून भागत न्हाई. पाण्याला ऐकू गेलं पाहिजे.” तरी माझं तोंड उघडत नसे. मग ते मागच्या सीटकडे कान करत, जरा थांबत आणि म्हणत, “हं. लावलं म्हनती.” मग गाडी पाण्यात उतरायची.

अप्पा गेल्या वर्षी गेले. घरीच, अंथरुणावर. लातूरच्या कोरड्या, तांबूस मातीत त्यांना मांडी घालून बसवलं, तेव्हा मी बायकांच्या मागे उभी होते. तलाव तिथून किती दूर आहे, एवढंच मनात येत होतं. ते अंतर माझ्यामुळे आहे. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या आदल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. तलाव काठोकाठ भरला होता. त्या दिवशी अप्पांनी धुवट पांढरा शर्ट घातला होता. काठावर त्यांनी गाडी थांबवली. “आज तू उतर. हितंच थांब.” मी उतरले. त्यांनी दार ओढून घेतलं आणि पाणी आत येऊ नये म्हणून असलेली दुसरी कडीही आतून लावली. काच खाली होती. जाळीवाले दोघं पलीकडून बघत होते.

“बूच?” अप्पांनी विचारलं. मला नाही, मागे वळून.

शर्टाच्या खिशाचं कापड विरळ होतं. त्यातून पितळेचा गोल स्वच्छ दिसत होता.

ते मागे कान देऊन थांबले. मागच्या सीटवर कुणीही नव्हतं. ती अजून कोरडी होती. अप्पांचा चेहरा हळूहळू सैल झाला, ओळखीचं माणूस दिसल्यासारखा.

“हं,” ते म्हणाले. “लावलं म्हनती.”

पुढची चाकं पाण्याला लागली. इंजिनाचा आवाज मोठा होता. त्याच्या वर जाईल एवढ्या मोठ्याने मी तोपर्यंत कधीच बोलले नव्हते. जाळीवाल्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“नाही लावलं, अप्पा! तुमच्या खिशात आहे.”