मामींच्या स्कूटरचा पोचा

आमच्या गल्लीत मोटरसायकल बिघडली की लोक मामांकडे जातात आणि घड्याळ बिघडलं की माझ्याकडे येतात. फरक एवढाच की मी मुकाट्याने दुरुस्ती करतो, मामा आधी व्याख्यान देतात. विषय तीस वर्षं एकच, टू-स्ट्रोक इंजिन. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरला मधे मोठं पोट असतं. धुराबरोबर पळून निघालेलं थोडं पेट्रोल त्या पोटामुळे पुन्हा इंजिनात ढकललं जातं, म्हणून गाडीला दम येतो. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवेन.

मामांची भाची दवाखान्यात एक्स-रे काढते आणि रविवारी चिखलमातीच्या शर्यतीत मोटरसायकल पळवते. गाडी अर्थात मामांनी जुळवलेली. ती मागे पडली की मामा कार्ब्युरेटरला शिव्या द्यायचे आणि पाचवी आली की कार्ब्युरेटरची पाठ थोपटायचे. पाचव्या नंबराच्या वर ती कधी आली नव्हती.

गेल्या महिन्यात शर्यतीच्या आदल्या दिवशी मामांनी ठरवलं, कार्ब्युरेटरमधला मेन जेट बदलायचा. जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा स्क्रू, मधे बारीक भोक. तेवढ्यातून पेट्रोल इंजिनात जातं. आत एकशे साठ नंबरचा होता, तो काढून एकशे बावन्नचा घालायचा. दोन्ही जेट फडक्यावर ठेवले होते आणि काजळी काढलेला सायलेन्सर अंगणात वाळत होता. तेवढ्यात मामींनी स्कूटर आणून उभी केली. स्टँड अर्धवट लागला आणि स्कूटर थेट सायलेन्सरवर आडवी झाली. पोटावर वाटी बसेल एवढा पोचा!

"अहो, नळीच ना ती? वाटेत कशाला ठेवायची?" मामी म्हणाल्या.

मामांनी गल्ली डोक्यावर घेतली. पण ठोकून सरळ करायला वेळ नव्हता. तोंडाने भांडत, हाताने जेट बसवत त्यांनी तशीच गाडी जोडली. आणि दुसऱ्या दिवशी भाची पहिली आली.

मग लोकांचं डोकं फिरलं. आठ दिवसांत पाच जण आपापले चांगले सायलेन्सर काखेत मारून दारात हजर. मामांकडे नव्हे, मामींकडे! "मामी, एकदा स्कूटर पाडा की." मामींनाही चेव चढला. "अंमळ डावीकडे सरकवा, त्या दिवशी अशीच पडली होती," असं म्हणत त्या पोचे पाडू लागल्या.

मामा चिडून लाल. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली! अरे, काम जेटने केलंय, माझ्या जेटने!" कोणी ऐकेना. रात्री मी त्यांच्याकडे जेवायला होतो, तर त्यांनी ताट बाजूला सारलं. मला म्हणाले, "तीस वर्षं हात काळे केले रे मी. आणि नाव कुणाचं, तर पडलेल्या स्कूटरचं." मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी मामांनी पैज लावली. बिनपोच्याचा नवा सायलेन्सर केला आणि सगळ्यांना टेकडीखाली बोलावलं. एक फेरी पोच्याची, एक फेरी कोऱ्या सायलेन्सरची. गाडी तीच, जेट तोच. वेळ मोजायला मी. भाची दोनदा वर जाऊन खाली आली. पहिली फेरी एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. दुसरी फेरीही एक मिनिट अठ्ठेचाळीस. पोचा साफ हरला. मामी म्हणाल्या, "बरं झालं, स्कूटर उचलून कंबर गेली होती माझी." पाच जण आपापल्या पोच्यांकडे बघत राहिले.

मामांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी तिथल्या तिथे कार्ब्युरेटर उघडला, जेट काढून माझ्या हातावर ठेवला. "वाच, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाच." नंबर बारीक असतो. मी डोळ्याला भिंग लावलं.

"एकशे साठ," मी म्हणालो.

"नीट वाच!"

"एकशे साठच आहे, मामा. जुनाच."

भांडणाच्या नादात मामांनी काढलेलाच जेट परत बसवला होता. मग एकाला ऑइल आठवलं, दुसऱ्याला टायर, तिसरा म्हणाला त्या दिवशी वारा मागून होता. मामा खाली मान घालून दगडावर बसले होते.

"मी सांगू का?" भाची म्हणाली. ती गाडीवरच बसली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. "शेवटच्या चढावर मी घाबरून आधीच ॲक्सिलरेटर सोडायचे. तीन महिने रोज पहाटे कामावर जायच्या आधी इथे येत होते, ते न सोडायला शिकायला."

"मग बोलली का नाहीस?" मामी म्हणाल्या.

"कुणी विचारलंच नाही. सगळे सायलेन्सर बघत होते."

मला स्वतःची लाज वाटली. दोन्ही फेऱ्यांत मी फक्त घड्याळाकडे बघत होतो.

मामा उठले. हात पँटला पुसत तिच्याजवळ गेले. व्याख्यान येणार म्हणून आम्ही सावरून उभे राहिलो. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तो चढ कसा घेतेस गं?" आणि ती सांगत होती तोवर ते मधे एकदाही बोलले नाहीत.