समीक्षाचे दहा शाकाहारी महिने

समीक्षाला राग आला की ती भांडत नाही, कपडे धुते. मुरबाडला भावनाकाकूंच्या मागच्या खोलीत ती दहा महिने राहिली आणि तेवढ्यात तिच्या एका चादरीचा रंग पार उडाला. खोलीत तिच्यासोबत राहणारी वैशाखरे गावची कुणाली त्या चादरीला 'काकूंची चादर' म्हणायची.

समीक्षा डोळखांबकडच्या एका पाड्यावरची. नर्सिंगच्या कोर्सला तिचा मुरबाडला नंबर लागला आणि खोली शोधायची पाळी आली. पहिल्या तीन घरांत एकच प्रश्न, "मांसमच्छी खाता का?" तिन्ही ठिकाणी ती खरं बोलली आणि तिन्ही ठिकाणी चपला घालून बाहेर पडली. चौथं घर भावनाकाकूंचं. काकू जुन्नरकडच्या, घाट उतरून मुरबाडला स्थायिक झालेल्या. भाडं परवडणारं, नळाला पाणी, दाराला आतून धड कडी. काकूंनीही तोच प्रश्न विचारला. समीक्षा एका दमात म्हणाली, "नाय, आमी नायच खात."

खोटं बोलावं लागल्याचा तिला संताप आला. आधी काकूंचा, मग स्वतःचा. पण मुलगी मुलखाची हट्टी. बोलून बसलोय ना, मग खरंच करून दाखवायचं! खोलीतच नव्हे, बाहेरसुद्धा अंड्याला शिवायचं नाही, असं तिनं ठरवलं.

आता शिकणाऱ्या पोरीच्या पैशात शाकाहार कसा चालतो, हे मोबाईलवर शाकाहाराचे गुण सांगणाऱ्यांना विचारू नये. ते बदाम भिजवत बसलेले असतात. समीक्षाच्या घरी पावसाळ्यात बांधावरचे मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, फुकट. एरवी मूठभर सुकटीत चार माणसांची भाकरी उरकते. मुरबाडच्या बाजारात ती मेथीची जुडी उचलायची, भाव ऐकायची आणि जुडीला झोप लागली असावी इतक्या अलगद परत ठेवायची. पनीर तिनं डेअरीच्या काचेतूनच पाहिलं. उरले घरून आणलेले वाल आणि कुळीथ. एक दिवस कुळथाचं पिठलं, दुसऱ्या दिवशी वाल, तिसऱ्या दिवशी पुन्हा कुळीथ.

"गो समीक्षा, आपण माणसं हाव का घोडं?" कुणाली विचारायची. ती स्वतः रविवारी वैशाखऱ्याला जाऊन कोंबडी खाऊन यायची. ढेकर मात्र मुरबाडच्या स्टँडवरच देऊन यायची. खोलीत नको.

एवढं पाळूनही काकूंचा विश्वास नव्हता. संध्याकाळी शेगडीवर भांडं चढलं की काकू दारात. "काय शिजतंय गं?" म्हणत सरळ आत यायच्या आणि उत्तराला न थांबता झाकण उचलून वास घ्यायच्या. दुसऱ्याच्या भांड्याचं झाकण! अहो, सासरी आलेल्या नव्या सुनेच्या भांड्यातही सासू पहिले आठ दिवस चोरून बघते. इथं भाडं घेऊन उघड तपासणी. समीक्षा चादर उचलून मोरीत जायची. धपाधप आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा.

जून उजाडला. शेवटची परीक्षा आठवड्यावर आली होती. समीक्षाच्या आईनं, सकुबाईनं, येणाऱ्या कुणाच्या तरी हाती शेवळांची जुडी पाठवली. शेवळं म्हणजे या दिवसांत रानात उगवणारे जांभळट कोंब. घशाला भयंकर खाजतात, म्हणून त्यांच्यात काकडं घालतात. काकडं म्हणजे लहान, हिरवी, दात आंबवणारी फळं. कांदा, लसूण, खोबरं घालून समीक्षानं मन लावून भाजी केली. बारीक चिरलेली, काळपट, तेल सुटलेली. वास असा, की पुस्तकात डोकं घातलेली कुणाली ताट घेऊन बसली.

काकूंनी झाकण उचललं आणि किंचाळल्या, "खिमा!"

"काकू, शेवळं हायेत ती. भाजी हाय."

"मला शिकवू नकोस! खायचं ते खाता आणि नावं पाहिजे ती ठेवता तुम्ही लोक. रविवारी खोली रिकामी पाहिजे."

पेपर सोमवारपासून. पाड्यावरून पहिली एसटी पकडली तरी मुरबाडला पोचेपर्यंत अर्धा पेपर संपलेला. खोली गेली तर वर्ष गेलं. त्या दिवशी समीक्षानं चादर धुतली नाही. तिनं आईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकुबाई दोन गाड्या बदलून आली ती टोपलीच घेऊन. थेट काकूंच्या ओट्यावर बसली, हाताला तेल चोळलं आणि शेवळं सोलायला घेतली. "बघा बाई, हा खालचा पिवला भाग टाकायचा. ह्यो वरचा घ्यायचा. याला कुठं हाडूक दिसतं का?"

काकूंनी वाकून पाहिलं. पण संशय असा सहजासहजी जातो होय? त्यांनी टोपलीतला एक कोंब उचलला आणि खात्री करायला सरळ दातांनी तोडला.

"अवो, कच्चा नाय घालायचा तोंडात!" सकुबाई ओरडेपर्यंत काम झालं होतं. काकूंनी घसा धरला. डोळ्यांतून धारा. आवाज बंद.

"ही काकडा चावा. चावा! नि घटकाभर बोलू नका." सकुबाईनं त्यांच्या तोंडात दोन काकडं कोंबली आणि पटली खूण म्हणून आनंदानं पुढे म्हणाली, "झाली ना खात्री? आता यात सुका कोलीम घातला असता ना, मग चव! आमची समीक्षा तर कोलीम नसला तं शेवलांना हात लावत नाय."

कोलीम म्हणजे बारीक कोळंबी. कुणालीनं कपाळाला हात लावला. काकूंनी बोट उगारलं, तोंड उघडलं. बाहेर फक्त आंबट रस आला.

आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा समीक्षा उलटून बोलली.

"होय, खाते! लहानपणापासून खाते. तुमाला खोटं सांगितलं, कारण खरं सांगून तीन खोल्या गेल्या व्हत्या. पण तुमच्या घरात दहा महिने काय शिजलं? कुलीथ नि वाल! अंड्याचं टरफल तरी गावलं का तुमाला? रोज झाकण उचलत व्हता, एक दिवस तरी 'पोरी, पोटभर हाय का गो?' असं विचारलंत? 'तुमी लोक' म्हणालात ना काल? आमी लोक दिलेला शब्द पाळतो. खोटा दिलेला पन पाळतो!"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. सकुबाई हातातलं शेवळ तसंच धरून लेकीकडे बघत राहिली. काकूंना उत्तर द्यायचं होतं, फार द्यायचं होतं, पण घसा साथ देईना.

अर्ध्या तासानं आवाज फुटला तो घोगरा. "परीक्षा होईस्तोवर राहा."

माफी नाहीच. ती घशात अडकली, असं कुणाली म्हणते.

समीक्षा राहिली, सगळे पेपर दिले आणि शेवटच्या पेपरच्याच दिवशी बॅग घेऊन घरी गेली. सकुबाईनं बांधावरून मुठे धरून आणले होते. लालभडक रस्सा, तांदळाची भाकरी. समीक्षानं पहिला घास घेतला आणि ताट थोडं दूर सारलं.

"काय झालं गो?"

"वास येतो, आये."

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. चेहरा लाल झाला. त्या बाईनं खोलीचं भाडं घेतलं ते घेतलं, माझ्या तोंडाची चवपण ठेवून घेतली? समीक्षानं ताट ओढलं, सगळ्यात मोठी नांगी उचलली आणि दातांखाली कडकन फोडली. डोळ्यांत पाणी, नाक लाल.

"वाढ अजून," ती म्हणाली. "दोन वाढ."