खांद्यावर दोनदा

सोलापूर स्टेशनवर पुण्याची सकाळची गाडी उभी होती आणि आई तिसऱ्यांदा तेच सांगत होती, "जपून जा गं. जपून ऱ्हा." माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. त्यातल्या एकीत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, स्वतःच्या मागावर विणलेली चादर होती आणि तिच्यामुळं विमानात वजन जास्त भरणार म्हणून आदल्या दिवशी घरात चांगलीच वादावादी झाली होती. पुढं मुंबई, तिथून विमान आणि मग इंग्लंडातलं लीड्स. यातल्या नेमक्या कशापासून जपायचं, ते काही आईनं सांगितलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असती की निघताना असलं तोंडानं बोलू न्हाय. आमच्या घरात संकटाचं नाव घ्यायची पद्धतच नव्हती. गरम दुधाचं पातेलं, ओली फरशी, एसटीतली गर्दी आणि परका देश, सगळ्याला मिळून एकच शब्द होता, जपून.

आप्पा तेवढंही बोलले नाहीत. मी डब्यात चढत होते तेव्हा मागून माझ्या खांद्यावर त्यांनी दोनदा थोपटलं. मी अंग आखडून घेतलं आणि वळून पाहिलं, तर ते इंजिनाच्या दिशेला बघत उभे होते.

हे थोपटणं काय ते सांगायला हवं. आप्पा तरुणपणी वळसंगहून सोलापुरात आले ते यंत्रमागावर कामाला. शेडमध्ये सगळे माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. चहा आला याची खूण वेगळी, कांडीवरचं सूत संपल्याची वेगळी, मालक आल्याची तर फारच वेगळी. आणि मागून कुणी गाडा ढकलत येत असेल, किंवा तुमची बाही मागाच्या फिरत्या पट्ट्यात जायच्या बेतात असेल, तर खांद्यावर दोनदा. तो हात पडला की आधी अंग आखडायचं, मग बघायचं. लहानपणी मी आप्पांचा डबा घेऊन शेडमध्ये जायची तेव्हा पहिल्यांदा हेच शिकले.

लीड्समध्ये मी पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत माहितीपुस्तकं लिहिते. म्हणजे बहुतेक वेळ लोकांना सावध करत बसते. इंग्रजीत त्यासाठी शब्द पुष्कळ आणि आमच्या कामात प्रत्येकाची पायरी ठरलेली. टाळलं नाही तर माणूस मरेल किंवा कायमचा जायबंदी होईल, तिथं डेंजर. तसं होऊ शकेल, तिथं वॉर्निंग. चटका बसेल, बोट कापेल, एवढ्यावर भागणार असेल तर कॉशन. माणसाला काही नाही, फक्त यंत्र बिघडेल, तर नोटीस. पहिल्या महिन्यात मी उठसूट डेंजर लिहिलं. मला काम शिकवणाऱ्या हेलननं ते पान शांतपणे वाचलं आणि म्हणाली की सगळीकडं डेंजर दिसलं की माणूस कुठंच थांबत नाही. तिचा आणखी एक नियम होता. सूचनेला तीन भाग हवेत. धोका काय, त्यानं होईल काय आणि टाळायचा कसा. तिसरा भाग नसेल तर ती नुसती भीती घालणं झालं.

ऑफिसबाहेर आणखी वेगळे शब्द. पायरीपाशी माइंड, अंगावर चेंडू येत असेल तर वॉच आउट आणि फाटकावर कुत्र्यापुरतं उरलेलं बीवेअर. पहिल्या वर्षाच्या शेवटी साहेबांनी माझ्या कामाच्या अहवालात मला कॉशस म्हटलं, तर मी खूश होऊन घरी फोन केला. मला वाटत होतं केअरफुल आणि कॉशस एकच. केअरफुल म्हणजे काम लक्ष देऊन करणारी आणि कॉशस म्हणजे हात घालायलाच बिचकणारी, हे मला पुढं कळलं. साहेबांचं काही चुकलं नव्हतं म्हणा.

आणि सगळ्यात जास्त कानावर पडतं ते टेक केअर. दुकानातली बाई म्हणते, बसचा ड्रायव्हर म्हणतो. पहिल्या हिवाळ्यात ते ऐकून मला भरून यायचं. मग कळलं की तो नुसता निरोप आहे, आपण 'बरंय' म्हणतो तसा. अकरा वर्षं झाली, त्या गावात मागून माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवलेला नाही. ठेवणारही नाही, तिथं ते बरं दिसत नाही. तुमच्यातले जे असे लांब गेलेत त्यांना हे सांगायला नको आणि जे घरी राहिलेत त्यांना सांगून पटायचं नाही. तरी लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. आप्पांचे कान मागांच्या आवाजानं त्याच्याही आधीच नेले होते, त्यामुळं फोनवर दोघांचं मिळून आईच बोलायची. ती गेल्यावर आमचं दर रविवारी एक नवीन सुरू झालं. शेजारच्या लक्ष्मीअक्का आप्पांना व्हिडिओ कॉल लावून देतात, मी कागदावर ठळक अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरते आणि आप्पा चौथीतल्या पोरासारखं मोठ्यानं वाचून उत्तर देतात. मी पाठवलेलं कानाचं यंत्र देवघराशेजारी डबीत आहे. ते रोज पुसून ठेवतात, घालत नाहीत.

काम सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी आप्पा रोज सकाळी सायकलवरून शेडमध्ये जायचे. मागच्या वर्षी श्रावणात लक्ष्मीअक्कांचा फोन आला. मागून आलेल्या टेम्पोनं सायकलला धक्का दिला होता आणि आप्पा कडेला पडले होते. खरचटण्यावर भागलं. "त्यो हारन वाजवून वाजवून दमला म्हणं," अक्का म्हणाल्या. "यांना काय ऐकू येतंय? पुढच्या टायमाला काय होईल, तूच बघ की."

मग मी कागदावर लिहायला लागले. शेडमध्ये जाऊ नका. आप्पा वाचायचे, "व्हय व्हय" म्हणायचे आणि सोमवारी सकाळी सायकल काढायचे. मी लाल रंगात लिहिलं, दोन रेघा मारल्या. एका रविवारी माझं डोकं फिरलं आणि आईनं आयुष्यात घरात येऊ दिला नसता असा शब्द मी लिहून धरला. मराल. आप्पांनी तो मोठ्यानं वाचला नाही. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

रजा काढून दसऱ्याच्या आधी सोलापूर गाठलं ते ती सायकल विकूनच परतायचं असं ठरवून.

खंडेनवमीला आप्पा मला शेडमध्ये घेऊन गेले. त्या दिवशी माग बंद असतात, पुसून त्यांची पूजा करतात. परदेशातून आलेल्या एका नव्या मागावरच्या पिवळ्या सूचनेवर कुणीतरी हळदीकुंकू लावून वर झेंडूची माळ सोडली होती. माझ्यासारख्याच कुणीतरी त्या चार ओळींवर तीन आठवडे घासले असतील, असं वाटून मला हसू आलं. मग माझं लक्ष आप्पांकडं गेलं. शेडमध्ये शांतता होती, त्यामुळं सगळे तोंडानं बोलत होते, एकमेकांची खेचत होते. आप्पा हातात प्रसाद घेऊन इतरांचे चेहरे बघायचे आणि त्यांच्यानंतर हसायचे. थोड्या वेळानं हसायचं सोडून ते आपल्या जुन्या मागापाशी स्टुलावर जाऊन बसले. तसं बसणं मला ओळखीचं होतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळे हसतात तेव्हा मी अशीच बसते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. आप्पा सायकलवर आणि मी मागून रिक्षात. गाड्या हॉर्न वाजवत त्यांना घासून जात होत्या आणि ते सरळ समोर बघत पायडल मारत होते. मी रिक्षाचा दांडा घट्ट धरून बसले होते.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि तो आवाज अंगावर आला. आप्पांची पाठ ताठ झाली. पलीकडच्या टोकावरून एकानं हातानं काहीतरी सांगितलं, आप्पांनी दोन बोटांत उत्तर दिलं आणि या वेळी ते सगळ्यांच्या आधी हसले. एका नव्या कामगाराचा गळ्यातला रुमाल पट्ट्याकडं लोंबत होता. आप्पांनी मागून जाऊन त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, त्यानं रुमाल सोडून खिशात घातला. तिथं कुणालाच ऐकू येत नव्हतं, म्हणून तिथं आप्पा बहिरे नव्हते. आणि मी दोन महिने लाल अक्षरांत त्यांना तिथंच जाऊ नका म्हणून सांगत होते. मला माझीच लाज वाटली.

घरी आल्यावर मी वही घेतली आणि ऑफिसात लिहिते तसं मराठीत लिहिलं. मागून आलेली गाडी तुम्हाला ऐकू येत नाही. तिनं धडक दिली तर जीव जाईल. सायकल घरी ठेवा, शेडमध्ये चालत जा आणि रस्त्याच्या उजव्या कडेनं जा, म्हणजे जवळच्या गाड्या समोरून येतील आणि दिसतील.

आप्पांनी ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं. "म्हंजी, जाऊच नको असं न्हाय?"

मी मान डोलावली.

"मग असं आदीच सांगायचंस की," ते म्हणाले. सदऱ्याच्या खिशातून सायकलची किल्ली काढून त्यांनी वहीवर ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन आमटी गरम करायला लागले.

ती किल्ली आता लीड्समध्ये माझ्या टेबलावर आहे. आप्पा रोज उजव्या कडेनं चालत जातात, लक्ष्मीअक्का लक्ष ठेवतात. येताना स्टेशनवर मला कुणी जपून जा म्हणालं नाही. ते ऐकायची इतकी सवय होती की गाडी सुटल्यावरही मी वाट बघत राहिले.

रविवारी कॉल संपायच्या आधी आप्पा हल्ली एक करतात. त्यांना पडद्यावर माझा चेहरा आणि खांदा दिसतो. त्या खांद्यावर ते बोटं टेकवायला जातात, मध्येच त्यांच्या हातानं कॅमेरा झाकला जातो आणि माझ्याकडं सगळं काळं होतं. एकदा, आणि परत एकदा. मी खुर्चीत अंग आखडून घेते आणि वळून बघते. मागं पलंग असतो, त्यावर ती चादर, आणि कुणी नसतं. घर कुठं आहे असं आता कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. पण दर रविवारी मी मागं वळून बघते.