आधी वकील, मग घर

आमच्या केंटकीतल्या डोंगरगावात पोलिसापुढे गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा. बसणार तरी कसं? तो एकतर चर्चमध्ये शेजारी बसून गातो, नाहीतर बायकोचा चुलतभाऊ निघतो. म्हणून माणसं बोलत सुटतात आणि अडकतात. मी कोर्टातला शिपाई, आरोपींची ने-आण करणारा. सव्वीस वर्षं हेच बघतोय, डोकं फिरतं माझं!

या लोकांना भानावर आणणारी एकच, वर्लीनमावशी. वकील नाही बरं का. गरीब आरोपींना फुकट वकील देणाऱ्या कचेरीत फोन उचलते.

त्या सोमवारी मी ड्यूई कूम्ब्सला बेड्या घालून आणलं. शाळेची बस चालवतो बिचारा. शनिवारी चर्चचा जनरेटर चोरीला गेला आणि तिथल्या दाराची किल्ली होती याच्याकडे. रॉइस हवालदार याच्या ओट्यावर येऊन बसला, "आपल्यातच राहील, सांग." हा भोळा सांब म्हणाला, "दार उघडं राहिलं असेल, चूक माझीच." झाला कबुलीजबाब!

सरकारी वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर आणि आत्ता घरी जा. ड्यूईच्या बायकोचे दिवस भरलेले, तो एका पायावर तयार. कबूल केलं की बसचं काम कायमचं सुटणार, हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते मावशीने सांगितलं, आमच्या शेजारी बाकावर टेकून.

"अगं मावशी, शनिवारी मी..."

"गप! इथे एक अक्षर नाही. या शिपायापुढे नाही, माझ्यापुढेही नाही."

"रॉइसला काय वाटेल? माझ्या आईच्या शवपेटीला खांदा दिलाय त्याने."

"जेवायला बोलाव त्याला. तोंड मात्र वकिलापुढेच उघड."

"वकील मागितला तर जजसाहेब चोर समजतील."

"हक्क आहे तुझा, भीक नव्हे."

"आणि आज सोडलंच नाही तर?"

"तर बाळ होईल आणि तू नसशील. खोटं नाही सांगत. ठरव तूच."

जजसाहेबांनी विचारलं तेव्हा ड्यूई रॉइसकडे बघून घाम पुसत म्हणाला, "साहेब, मला वकील हवा."

मुलगी बुधवारी झाली, जामीन गुरुवारी मिळाला. लोकांनी मावशीला नाही नाही ते ऐकवलं. पण वकिलाने विचारलं, दार उघडं राहणं ही चोरी कधीपासून? दोन महिन्यांत आरोप मागे घेतले. बस वाचली.

ड्यूई मुलीला घेऊन कचेरीत आला. "उपकार कसे मानू, मावशी? पण हिच्या जन्माच्या वेळी मी नव्हतो."

मावशीने पोरीला मांडीवर घेतलं. मी दारातच होतो. इतकी वर्षं रोज भेटतो, पण देवाशपथ, हे मला ठाऊक नव्हतं.

"माझं बाळ तीन महिन्यांचं होतं," ती म्हणाली. "न केलेली चोरी कबूल केली आणि संध्याकाळी त्याला कुशीत घेतलं. नर्सचं शिक्षण झालं होतं माझं. पुढे एकाही हॉस्पिटलने दारात उभं केलं नाही. म्हणून इथे फोन उचलते."