हवा भरणाऱ्याची सुट्टी

"खरं सांगा, इथे पैसे वसूल होतात का?" हा प्रश्न पाहुणे नेहमी आमच्या ह्यांना विचारायचे. मॅनेजरला नाही, कारण मॅनेजर हो म्हणणार हे कुणालाही कळतं. सिलेंडरच्या खोलीच्या दारात उभा असलेला, शर्टावर तेलाचे डाग पडलेला माणूस तरी खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटत असावं. आणि हे काय उत्तर द्यायचे? "मला काय माहीत साहेब, मी कुठे खाली गेलोय!" सव्वीस वर्षं हेच.

मी त्याच रिसॉर्टच्या लाँड्रीत इस्त्रीला होते, अजूनही आहे. पाण्याखाली जाऊन मासे बघायला माणसं एका दिवसाला माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढे मोजतात, हे मला नोकरीला लागल्यावर आठवडाभराने कळलं. कळलं तेव्हा मी इस्त्री तशीच धरून उभी राहिले आणि एका उशीचा अभ्रा जाळला. मासे! बाजारात जा की, फुकटात बघायला मिळतात.

ह्यांना सगळे हवाशेठ म्हणायचे. पाण्याखाली जाणाऱ्यांच्या पाठीवर जे सिलेंडर असतात, त्यात हवा भरायची, हे त्यांचं काम. एका पाण्याच्या हौदात चार सिलेंडर उभे करायचे, कॉम्प्रेसर चालू करायचा आणि हवा किती भरली ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसायचं. भरून झाला की प्रत्येक सिलेंडर किंचित उघडून नाक लावायचे. "हवेला वास आला म्हणजे ती हवाच नाही," म्हणायचे. घरी भाजीला वास आला तर मात्र कळायचं नाही हो ह्यांना.

त्यांची खरी करमणूक मात्र परत आलेल्या सिलेंडरांची. कुणी किती हवा उरवून आणली, यावरून ते माणूस ओळखत. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याची हवा लवकर संपते. काटा मध्यावर असला की, "हा गडी शांत." काटा तळाला गेलेला असला की, "ही बाई घाबरली." एकदा नव्या लग्नाचं जोडपं आलं होतं, दोघांचेही काटे लाल रेघेखाली. हे म्हणाले, "भांडून उतरलेत." संध्याकाळी त्या दोघांच्या चादरी वेगवेगळ्या खोल्यांतून धुवायला आल्या, म्हणजे बघा!

आणि प्रत्येकाला विचारायचे, "काय दिसलं?" लोकही सांगायचे, ओल्या अंगाने, हातवारे करून. कासव दिसलं, रंग बदलणारा आठ पायांचा प्राणी दिसला. मग हे दहा प्रश्न विचारायचे. केवढं होतं? घाबरलं का? खात काय होतं? घरी येऊन ते सगळं मला ऐकवायचे. स्वतः जायची सोय नव्हती. बोट पाण्यात असेपर्यंत हवा भरणाऱ्याने खोली सोडायची नाही, असा नियम. आणि बोट कायम पाण्यातच.

कॉम्प्रेसरने मात्र आपलं काम चोख केलं. सव्वीस वर्षांत ह्यांचे दोन्ही कान नेले. आमच्या घरात बोलणं होत नाही, घोषणा होतात. मीठ मागायचं तर शेजारीण मीठ घेऊन दारात. डॉक्टरांनी सांगितलं, पडदे धड आहेत, आतली नस गेली. यंत्र लावलं तर बरंच ऐकू येईल. यंत्राची किंमत ऐकून मात्र मलाच काही ऐकू येईना.

तेवढ्यात ह्यांच्या निवृत्तीची वेळ आली. मालकाने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एकतर रोख रक्कम घ्या, नाहीतर दोघांनी तीन दिवस रिसॉर्टवर पाहुणे म्हणून राहा, पाण्याखाली जाणं धरून. रोख रकमेत दोन्ही कानांची यंत्रं बरोबर बसत होती. मुलीने दुकानही बघून ठेवलं. त्या दिवशी हे कागद घेऊन घरी आले, हसतच. कागदावर तीन दिवसांच्या मुक्कामाखाली सही.

मी अशी भडकले म्हणता! "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, आणि हे म्हणतात डोळे नकोत, मासे बघतो!" हे म्हणाले, "आं?" त्या "आं"वर मी आठ दिवस अबोला धरला. बहिऱ्या माणसाशी अबोला धरण्यात काही अर्थ नसतो. त्याला कळायलाच चार दिवस लागतात.

शेवटी गेलो. पदरी पडलं पवित्र झालं. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर मी चादर उलटून बघितली. कडेला सुरकुती! मी रजेवर गेल्याबरोबर पोरींनी हात आखडला होता. न्हाणीघर आमच्या घराएवढं, आणि टॉवेलाचा हंस करून ठेवलेला. तो हंस करायला पोरींची दहा मिनिटं आणि मोडल्यावर परत इस्त्री करायला माझी पाच, हे त्या पाहुण्यांना कोण सांगणार? जेवण बरं होतं, पण ताट केवढं आणि त्यात घास केवढा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पहिल्या संध्याकाळपर्यंत मी निकाल दिला होता, की वरचं सगळं भपक्याचं. खालचं काय ते खालीच कळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे उतरले. शिकवणारी बाई, तिला आम्ही मास्तरीण म्हणतो, ती त्यांचा हात धरून घेऊन गेली. जाण्याआधी दहादा बजावलं, श्वास रोखायचा नाही, वर येताना कोंडलेली हवा फुगून छाती फाडते, काहीही झालं तरी घेत राहायचा, सोडत राहायचा. ह्यांनी मान डोलावली. धक्क्यावर सगळी नोकर मंडळी जमलेली. मी बुडबुडे बघत उभी. मास्तरणीचे येत होते, ह्यांचे येईनात. मग एक आला. मग परत काही नाही.

आठ मिनिटांत मास्तरीण त्यांना वर घेऊन आली. वाटेत त्यांच्या पोटात बुक्का मारून तिने हवा सोडायला लावली होती. हे छाती धरून बसले, तोंड पांढरं फटक. आणि काय केलं होतं म्हणता? हवा वाचवली! काटा जवळजवळ भरलेला आणायचा होता ना, धक्क्यावरच्या लोकांना दाखवायला, की हवाशेठ किती शांत! सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे काटे वाचले आणि स्वतःची वेळ आली तेव्हा श्वास दाबून धरला. अशी चूक जगात दुसरं कोणी करणार नाही. डोळे मिटून घेतले होते म्हणे, मन शांत राहावं म्हणून. म्हणजे दिसलं काय? काही नाही.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात, छातीत काही फाटलं नाही. पण आता पाण्याखाली जायचं नाही. उद्या नाही, कधीच नाही.

खोलीत आल्यावर मी तोंड सोडलं. यंत्र गेलं, मासे गेले, तेलही गेलं तूपही गेलं! दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडत होते, तरी पलीकडच्या खोलीतलेच जास्त ऐकत असतील. हे पलंगाच्या कडेला बसून होते. मग हळूच म्हणाले, "दोन वर्षं झाली. लोक सांगतात काय दिसलं, मला ऐकू येत नाही. मी मान हलवतो. पुढचं काय विचारणार? ते काय म्हणाले तेच कळत नाही. म्हणून म्हटलं, एकदा आपणच बघावं."

मी तोंडाभोवतीचे हात खाली घेतले. दोन वर्षं हे घरी येऊन मासेबिसे काही सांगत नव्हते, हे खरं होतं. माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मला वाटलं होतं, बरं झालं, कटकट गेली. असं वाटलं होतं मला. लाज वाटली हो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरणीला गाठलं. "दोघांचं जाणं धरलंय ना कागदात? मग माझं राहिलंय." ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला पोहता येतं?" मी म्हटलं, "गुडघ्याएवढ्या पाण्यात उत्तम." ह्यांना ओरडून सांगितलं. हे उठून सिलेंडरच्या खोलीत गेले, तिथल्या नव्या माणसाला बाजूला केलं आणि माझा सिलेंडर स्वतः भरला. नाक लावलं. मग परत एकदा लावलं.

भीती वाटली का? वाटली म्हणजे काय, आई आठवली. मास्तरणीचं मनगट मी असं धरलं की चार दिवस तिच्या हातावर वळ होते. पण श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला, अगदी अधाशासारखा. काटकसर केली नाही. पहिल्यांदा नुसतं निळं. मग निळ्यात खडक दिसला आणि खडकापाशी जे चाललं होतं ते बघून मला हसू आलं, पाण्याखाली तोंडात नळी असताना! म्हटलं, असं आहे होय, यासाठी मोजतात लोक. मोजू देत बापडे.

अठरा मिनिटांत वर आले. काटा लाल रेघेच्याही खाली. धक्क्यावरची मंडळी हसायला लागली. ह्यांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. विचारलं काही नाही. कशाला विचारतील? ऐकू थोडंच येणार होतं.

मी त्यांचा कान धरला, शाळेतल्या पोराचा धरतात तसा, आणि तोंड लावून बोंबलले, "खाली ना, धुण्याची जागा आहे! मोठमोठे मासे आ करून रांगेत उभे राहतात! आणि बोटाएवढा एक मासा त्यांच्या तोंडात शिरून दात साफ करतो!"

आचारी बाहेर येऊन बघायला लागला.

ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले, माझे शब्द स्वतःशी म्हणून बघत होते. मग म्हणाले, "आणि गिळत नाही त्याला?"

"नाही!"

"का?"

मला काय माहीत का! पण त्यांनी विचारलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पुढचं विचारलं होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि नाकातून समुद्राचं.

"रांगेत किती होते?" हे म्हणाले.

घसा फाटत आला होता. मी परत त्यांचा कान धरला.